आजची चूक

३ मार्च, सोमवार

हेडसरांचा फोन. पंधरा तारखेला, शनिवारी, शाळेच्या हॉलमध्ये आईसाठी सभा ठेवलीय. "तुम्हीही चार शब्द बोला." चार शब्द! आईला नुसतं "रांगेत उभे राहा" एवढं सांगायला यापेक्षा जास्त लागायचे.

हो म्हणून बसले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मला बोलता कुठे येतं, मला फक्त ओरडता येतं. गाडी शिकवायला लागल्यापासून माझी सगळी वाक्यं दोन शब्दांची झालीत. क्लच सोडा. आरसा बघा. मेलो आता!

आई जाऊन दोन आठवडे होत आले. सकाळचा चहा टाकला आणि ओट्यापाशीच गेली. बाबा खोलीतून म्हणाले, "अगं, उतू जातोय," आणि उत्तर आलं नाही म्हणून उठून गेले. डॉक्टर म्हणतात तिला कळलंसुद्धा नसेल. लोकांना हे ऐकून बरं वाटतं. मला नाही वाटत. आईला कळलं नाही असं आजवर काही झालंच नव्हतं.

४ मार्च, मंगळवार

हॉस्पिटलमध्ये जाऊन आले. मुलांच्या वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरांनी बोलावलं होतं. तिथल्या कपाटात आईची पिशवी राहिली होती. खडू, डस्टर, गोष्टींची पुस्तकं, चष्म्याची जादा डबी.

निवृत्त झाल्यावर लोक पाय पसरून बसतात. आमची आई आठवड्याच्या आत या वॉर्डात! मंगळवार आणि शुक्रवार, मुलांची दुपारची जेवणं झाली की हजर. म्हणायची, "आजारी पोरांचा अभ्यास बुडतो आणि वर ती कंटाळतात. कंटाळलेलं पोर लवकर बरं होत नाही." पगार नाही, मानधन नाही, बसचं तिकीटसुद्धा पदरचं. बाबा सुतार. त्यांनी तिला चाकांचा लहान फळा करून दिला, तो ती खाटेखाटेपाशी ढकलत न्यायची. ज्यांना चालता येतं ती मुलं वॉर्डाच्या टोकाच्या खोलीत जमायची. त्या खोलीला अजून सगळे बाईंची खोली म्हणतात. साफसफाईवालेसुद्धा.

सिस्टर म्हणाल्या, महिनाअखेर ती खोली जाणार. गाद्या ठेवायला. मोठ्या साहेबांचा हुकूम. "वर्ग घ्यायला कोणी नाही, मग खोली कशाला अडवायची, म्हणतात."

माझं डोकंच फिरलं. गाद्या! म्हटलं, "असं कसं? आईचा वर्ग आहे तो." सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मग तुम्ही घ्या."

"मी शिक्षिका नाही."

"मग काय करता?"

"गाडी शिकवते."

सिस्टरांनी पिशवी माझ्या हातात दिली.

पिशवी घेऊन निघाले तर खिडकीजवळच्या खाटेवरून आवाज आला, "ती बाईंची पिशवी आहे!" नऊ-दहा वर्षांची पोरगी. दोन वेण्या, एक पाय वर टांगलेला आणि त्याला वजन लावलेलं. हाडात काहीतरी बिघडलंय, महिनोन्‌महिने पडून आहे. सगळ्यांशी वाद घालते म्हणून वॉर्डात तिला वकीलबाई म्हणतात. मी म्हटलं, मी त्यांची मुलगी. तर उलटतपासणीच सुरू. "बाई गावाहून कधी येणार?"

मी सिस्टरांकडे बघितलं. सिस्टरांनी छताकडे.

सांगितलंच नाहीये पोरांना! बाई गावाला गेल्यात म्हणून ठोकून दिलंय. सिस्टर मला बाहेर घेऊन आल्या. "तिचं ऑपरेशन आहे तेरा तारखेला. त्याच्या आधी कसं सांगायचं? बाईंवर फार जीव आहे हो तिचा." पिशवी मुकाट्याने कपाटात परत ठेवली.

म्हटलं, "शुक्रवारी येते मी." तोंडातून निघून गेलं. पण आईचा वर्ग आईच्या नावाने चालला पाहिजे. त्या पोरांनी तिला विसरता कामा नये. बस्स.

६ मार्च, गुरुवार

सभेत सांगायचं तर 'आजची चूक' सांगावी लागेल. जमेल का बघते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी आईने फळ्यावर एक बेरीज चुकीची लिहिली. खरोखरच चुकली. अख्ख्या वर्गाने ती तशीच्या तशी उतरवून घेतली. एकानेही तोंड उघडलं नाही. त्यातल्या दोघा-तिघांना चूक दिसली होती, पण बाईंना कसं सांगायचं! आई घरी आली ती घाबरूनच. मी काहीही लिहिलं तरी ही लेकरं मान डोलावणार?

दुसऱ्या दिवसापासून तिने वर्गाला सांगून टाकलं — रोज मी एक चूक करणार. मुद्दाम. कधी, कुठे, ते सांगणार नाही. ज्याला सापडेल त्याने हात वर करून मोठ्याने म्हणायचं, "चूक!" मग तो फळ्यापाशी येऊन ती पुसणार, दुरुस्त करणार, आणि बाई त्याला म्हणणार, "आभारी आहे." निवृत्त होईपर्यंत एक दिवस चुकला नाही. आणि निवृत्तीनंतर वॉर्डात तेच.

घरीही तेच! मला झोपवताना सांगायच्या गोष्टीतसुद्धा एक चूक ठेवायची. त्यामुळे मी झोपायचेच नाही. एकदा मोठ्या मामाच्या लग्नात कुणीतरी माईकवर मामाचं वय सांगितलं आणि मी मांडवभर ओरडले, "चूक!" मामी अजून ते विसरलेली नाही.

७ मार्च, शुक्रवार

फजिती. नुसती फजिती.

फळा ढकलत नेला, एक चाक इतकं कुरकुरतं की वॉर्डातलं तान्हं बाळ जागं झालं. कोळी काढला. त्याला सहा पाय काढले. मला वाटलं, काय छान चूक! एक बारका पोरगा जांभई देत म्हणाला, "आठ असतात." हातसुद्धा वर केला नाही. वकीलबाई म्हणाली, "ही फार सोपी होती. आमचा अपमान झाला." मग मी चिडून अवघड केली. एका नदीचा उगमच बदलला. ती कुणाला सापडेना. तेवढ्यात डॉक्टरांचा राउंड आला आणि सगळी पोरं तीच नदी डोक्यात घेऊन बसली! परत खाटेखाटेपाशी जाऊन सांगत फिरले, बाळांनो, ते खोटं होतं.

चूक करणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. आई सकाळी वेणी घालताना पुटपुटत असायची ते हेच असणार. चूक अशी हवी की शोधणाऱ्याला घाम फुटेल, पण सापडेल. आणि सापडल्याशिवाय आई वर्ग सोडायची नाही.

एकदाच सोडला म्हणे. शेवटच्या मंगळवारी. कुठल्याशा खाटेवरचं मूल अत्यवस्थ झालं, धावपळ झाली, आणि वर्ग अर्धाच राहिला. वकीलबाईने सांगितलं हे. "त्या दिवशीची चूक मला नंतर सापडली. पण मी बाईंनाच सांगणार. तुम्हाला नाही."

नको सांगू म्हटलं.

८ मार्च, शनिवार

माझ्या शिकाऊ, बँकेतल्या बाईंनी आज चौकाच्या मधोमध गाडी बंद पाडली आणि म्हणाल्या, "तुम्ही किती छान शिकवता!" म्हटलं, मी शिकवत नाही, जीव वाचवते.

९ मार्च, रविवार

बाबा दिवसभर गॅलरीत. हत्यारांची पेटी उघडलेली नाही. जेवायला बोलावलं की येतात, अर्धी पोळी खातात, "छान झालंय" म्हणतात आणि उठतात. मी केलेलं छान होत नाही हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

आज त्यांना म्हटलं, "बाबा, आईला गाडी शिकवली होती ते आठवतंय?" तेव्हा कुठे जरा हसले.

मी बारावीनंतर कॉलेज सोडून गाडी शिकवायचं म्हटलं तेव्हा नातेवाईकांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. शिक्षिकेची मुलगी आणि ड्रायव्हर! आत्या तर येऊन बसलीच, "वहिनी, तुम्ही पोरीला काही बोलत का नाही?" आई कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, "गाडी शिकवते आहे, चोरत नाहीये." आत्याचा चहा घशातच अडकला.

आणि मग माझी पहिली शिकाऊ कोण? आई! पन्नाशीची बाई, चष्मा सावरत स्टिअरिंगला बसली. म्हणाली, "तुझ्याकडे कुणी यायला हवं ना. मी शिकले की शाळेतल्या सगळ्या बायकांना सांगते." गाडी तिला कधीच धड आली नाही. उजवीकडे वळायचं असलं की तीन गल्ल्या सोडून डावीकडून फिरून यायची. पण पहिल्याच दिवशी मी तिला उतारावर न्यूट्रल करायला सांगितलं, पेट्रोल वाचतं म्हणून, आणि ती हात वर करून ओरडली, "चूक!" स्टिअरिंगवरचे दोन्ही हात वर! गाडी सरळ भाजीवाल्याच्या दिशेने. मी मरता मरता वाचले. पण ती बरोबर होती. आधीच्या रात्री माझं गाडी शिकवायचं पुस्तक माझ्याआधी वाचून आली होती.

तेव्हापासून मला तोफ म्हणायची. "आली आमची तोफ." आवाज तिचाही मोठा, माझाही मोठा. पण तिच्या आवाजात राग नसायचा. मला ते अजून जमलेलं नाही.

तिच्यासारखी आई ज्यांना मिळाली नाही त्यांची मला खरंच कीव येते. लिहून टाकलं. कोण वाचतंय!

११ मार्च, मंगळवार

वर्ग बरा झाला. जेवणाच्या रिकाम्या ताटल्या हातात देऊन सगळ्यांना स्टिअरिंग धरायला लावलं. खाटेवर पडल्या पडल्या गाडी चालवली पोरांनी. दर पाच मिनिटांनी मी "आमच्या बाई असं करायच्या" म्हणत होते. वकीलबाई शेवटी म्हणाली, "करायच्या काय? करतात."

मी वळून फळा पुसत बसले. पुसलेलाच फळा.

१३ मार्च, गुरुवार

ऑपरेशन नीट झालं. सिस्टरांना इतके फोन केले की शेवटी त्यांनी उचलताक्षणीच सांगितलं, "झोपलीय, बरी आहे, ठेवा आता."

१५ मार्च, शनिवार

जसं झालं तसं लिहून ठेवते.

हॉल गच्च भरला होता. खुर्च्या संपल्या, मग लोक खिडक्यांत बसले. टकलावर हात फिरवणारे, पोरं कडेवर घेतलेल्या, एक पोलीसबाई गणवेशातच आलेल्या, डोळ्यांचे डॉक्टर, केस कापणारे, गॅसवाले. सगळे एकेकाळचे आईच्या दुसरीच्या वर्गातले! काही जण सवयीने कडेच्या लहान बाकांवर जाऊन बसले आणि गुडघे कुठे ठेवायचे ते कळेना.

हेडसर नवीन आहेत. आईबरोबर एक दिवसही काम केलेलं नाही. बिचाऱ्यांनी भाषण मात्र घोटून आणलं होतं. "बाई म्हणजे शांतीची मूर्ती. त्यांचा आवाज वर्गाबाहेर कधी ऐकू आला नाही—"

"चूक!!"

सगळा हॉल! एकदम! हात वर! गॅसवाल्याचा, डॉक्टरांचा, पोलीसबाईंचा. आईचा आवाज शाळेच्या फाटकापर्यंत जायचा, बाहेर उभ्या रिक्षावाल्यांनासुद्धा पाढे पाठ झाले होते. हेडसर पांढरेफटक. त्यांना वाटलं दंगल झाली. मग पहिल्या रांगेतले एक आजोबा (आईच्या पहिल्या वर्गातले, म्हणजे ते काही आजोबा नव्हेत, पण केस पार पिकलेत) उठून अदबीने म्हणाले, "सर, आता 'आभारी आहे' म्हणायचं असतं."

हेडसर म्हणाले, "आभारी आहे." टाळ्या थांबेनात.

मग मी. लिहून नेलेला कागद उघडलाच नाही. काहीतरी सुरुवात करायची म्हणून म्हटलं, "मी बाईंची मुलगी. त्यांना एकच मूल. मी."

मी काही मुद्दाम केली नव्हती चूक. खरंच सांगत होते. पण पोलीसबाई उठल्या, हात वर केला, आणि "चूक!" म्हणाल्या. मग त्यांच्या शेजारचे. मग मागचे. मग खिडक्यांतले. सगळे उभे. हात वर. या वेळी कुणी हसत नव्हतं. आणि कोपऱ्यात बघते तर बाबांचा हात वर!

मी "आभारी आहे" म्हणाले आणि मग मला रडूच आवरेना. पुढचं भाषण झालंच नाही. कुणाला नकोही होतं.

बाबा येताना गाडीत म्हणाले, "केवढी माणसं जोडली गं हिने." मग जरा वेळाने, "फळ्याचं चाक कुरकुरतं म्हणालीस ना? तेल लागेल. बघतो."

१८ मार्च, मंगळवार

सांगितलं.

सिस्टर म्हणत होत्या, अजून आठवडाभर थांबा. पण वकीलबाई आज बसती झाली होती. वेण्या घातलेल्या, तोंड धुतलेलं, आणि मी दिसताच म्हणाली, "आज तरी आणलंत का बाईंना?" आता अजून एकदा 'गावाला' म्हणायचं माझ्याच्याने होईना. आईने आयुष्यभर फळ्यावर हजारो चुका केल्या असतील, पण खोटं एकदाही बोलली नाही. आणि चूक केली की ती सापडेपर्यंत थांबायची. आम्ही मात्र महिनाभर त्या पोरीला एक खोटं देऊन ठेवलं होतं आणि ते सापडू नये म्हणून धडपडत होतो.

खाटेवर बसले. तिचा हात धरला. म्हटलं, "ऐक. बाई आता येणार नाहीत. बाई वारल्या."

तिने माझ्याकडे बघितलं. डोळे चमकले. हसली. आणि हात वर करून, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली—

"चूक!"

देवा! मला वाटलं इथेच जमीन दुभंगावी. आजूबाजूच्या खाटांवरची पोरंसुद्धा हसायला लागली, वकीलबाईला सापडली म्हणून! ती वाट बघत होती. मी 'आभारी आहे' म्हणायची.

मी म्हटलं, "नाही गं राजा. चूक नाही. हे बरोबर आहे."

हात तसाच वर. हळूहळू खाली आला. "खरंच?"

"खरंच."

"मुद्दाम नाही?"

"मुद्दाम नाही."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. पाय तसा बांधलेला, त्यामुळे नीट कुशीवरही होता येईना, नुसती मान. मी बसून राहिले. राउंडला डॉक्टर आले, मला उठायला सांगितलं. मी उठले नाही. ते पुढच्या खाटेकडे गेले.

२१ मार्च, शुक्रवार

भिंतीकडेच तोंड. जेवण परत. मी वर्ग घेतला, इतर पोरांनी निमूट ऐकला. चूक केलीच नाही. धीर झाला नाही.

सिस्टर रागावतील वाटलं होतं. त्यांनी चहा आणून दिला. म्हणाल्या, "मी सांगू शकले नसते हो." एवढंच.

मी चुकले का? आई असती तर तिने केव्हा सांगितलं असतं? पहिल्याच दिवशी, मला वाटतं.

२५ मार्च, मंगळवार

तेल घातलेला फळा आज आवाज न करता गेला. खिडकीजवळ पोचले, तर वकीलबाई भिंतीकडे बघतच म्हणाली, "देवमासा अंडी घालत नाही."

मी थांबले.

"बाईंनी शेवटच्या दिवशी गोष्ट सांगितली. देवमाशाची आई समुद्राच्या तळाशी अंडी घालते आणि राखत बसते. ती चूक होती. ती अंडी घालत नाही. तिला पिल्लू होतं आणि ती त्याला दूध पाजते. मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं." मग माझ्याकडे वळली. नाक लाल. "तुम्ही म्हणा आता. बाईंच्या वतीने."

मी म्हटलं, "आभारी आहे." नीट उभी राहून म्हटलं, आई म्हणायची तसं. मग तिने खडू मागितला, फळा जवळ ओढायला लावला, आणि देवमाशाची आई आणि पिल्लू काढलं. पिल्लू आईपेक्षा मोठं झालं. ते मी सोडून दिलं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. म्हटलं, "बघा, जाताजातासुद्धा किती छान चूक ठेवून गेली!" बाबा मोठ्याने हसले. किती दिवसांनी! "कसली ठेवून! तिला खरंच तसं वाटायचं. एकदा तासभर भांडली होती माझ्याशी, अंडीच घालतो म्हणून."

म्हणजे पोरीने खरी चूक पकडली! आईला हे कळलं असतं तर ती वॉर्डभर नाचली असती. याच दिवसासाठी तर एवढी वर्षं खोट्या चुका केल्या तिने.

२८ मार्च, शुक्रवार

मोठे साहेब खोली बघायला आले. हातात फीत, गाद्या किती मावतील ते मोजायला. आत बघतात तर पोरं दाटीवाटीने बसलेली आणि मी फळ्यावर चौक काढून सिग्नल शिकवतेय. वकीलबाईला आज पहिल्यांदा चाकांच्या खुर्चीवरून आणलं होतं. ती ट्रॅफिक पोलीस.

साहेब म्हणाले, "उपक्रम चांगला आहे, पण जागेची अडचण तुम्ही समजून घ्या." मी तोंड उघडणार, तोफ सुटणार, एवढ्यात सिस्टर मध्ये पडल्या. "साहेब, गाद्या इथे ठेवायच्या तर ठेवू. पण भिंतीला ओल आहे. पावसाळ्यात सगळ्या कुजतील, मग वरून विचारणा होईल."

साहेबांनी भिंतीकडे बघितलं, फीत गुंडाळली. "मग तळमजल्यावर बघा." जाताना म्हणाले, "कोणीतरी नियमित येणार असेल तरच चालू ठेवा हं. अर्धवट नको."

ते गेल्यावर मी भिंतीला हात लावून बघितला. ठणठणीत कोरडी.

"सिस्टर, ओल कुठाय?"

"नाहीये," सिस्टर म्हणाल्या. "आजची चूक."

आई, तुझ्या हाताखालून कोण कोण शिकून गेलंय गं! सिस्टर एवढी वर्षं औषधांची गाडी ढकलता ढकलता ऐकत होत्या म्हणायच्या.

नियमित येणार असं साहेबांना सांगितलं तर आहे. मंगळवार-शुक्रवार दुपारचे शिकाऊ सकाळी घ्यायचे. बँकेतल्या बाई कुरकुरतील. कुरकुरू देत.

१५ एप्रिल, मंगळवार

एक बारका पोरगा आज डिस्चार्ज घेऊन गेला. तोच, कोळ्याच्या पायांचा. जाताना बाईंना नमस्कार सांगा म्हणाला. सांगते म्हटलं. आता खरं सगळ्यांना माहीत आहे, तरी असं म्हणतात, आणि मी तरी सांगते म्हणते.

चूक आता बरी जमते. सकाळी गाडी पुसताना ठरवते. बाबा विचारतात, "आज काय?" त्यांच्यावर आधी करून बघते. त्यांना लगेच सापडली तर बदलते.

९ मे, शुक्रवार

वकीलबाई आज घरी गेली. कुबड्या घेऊन, पण स्वतःच्या पायांनी, दाराशी थांबून सगळ्या वॉर्डाला सूचना देऊन. मग मी वर्ग घेतला. घेता घेता एकेका तोंडाकडे बघत गेले आणि लक्षात आलं, आईला पाहिलेलं एकही पोर आता वॉर्डात नाही. सगळी बरी होऊन घरी गेली.